मातीचा बैल औत ओढत नाही : आराखडे ‘सिंक’ करण्याविषयी



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला गाठलं. म्हणाले, सर, तुम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र आणि न्यायदर्शन शिकवलं, आता हे आर्किटेक्ट लोकांचं सॉफ्टवेअर कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं की या सॉफ्टवेअरच्या पोटात एक जुनाच प्रश्न बसलेला आहे. एकच वस्तू दोन ठिकाणी आहे, असं आपण केव्हा म्हणायचं?

आणि हा प्रश्न आता वैजापुरातही आला आहे. आज आपल्याकडे घर कसं बांधलं जातं बघा. प्लॅन काढणारा आर्किटेक्ट संभाजीनगरला. आरसीसीचा हिशेब करणारा इंजिनिअर समजा नाशिकला. घर रंगवल्यावर कसं दिसेल याचं झकपक चित्र तिसराच एक मुलगा करतो आणि ते मालकाच्या मोबाइलवर येतं. प्रत्यक्ष बांधणारा मिस्त्री मात्र इथलाच, त्याच्या हातात कागदाचा प्रिंट. म्हणजे एकच घर चार ठिकाणी आहे. चौघे एकाच घराविषयी बोलतात असं आपण गृहीत धरतो. ते गृहीतक सांभाळायचं काम हल्ली ‘प्लग-इन’ नावाच्या गोष्टीवर सोपवलेलं असतं. ती काय करते आणि काय करत नाही, एवढंच आज समजून घेऊ.

प्लग-इन म्हणजे काय? ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडतो ना, तसं. मोठ्या प्रोग्रामला जोडायचं छोटं अवजार. ट्रॅक्टर तोच, पण काम नवं. आपल्याला ज्या प्लग-इनशी देणंघेणं आहे त्याचं काम एका डिझाइन प्रोग्राममधलं मॉडेल दुसऱ्या प्रोग्राममध्ये नेणं, आणि पहिल्यात बदल झाला की दुसऱ्यातही तो करणं. यालाच ‘सिंक’ म्हणतात.

आता मुळात दोन प्रोग्राम लागतातच कशाला? कारण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. स्केचअप नावाचा प्रोग्राम पुष्कळ मुलांना माहीत असेल. त्यात तुम्ही रेषा काढता, रेषांचं पृष्ठ होतं, पृष्ठ ओढलं की पेटी होते. मन मोकळं ठेवून विचार करायला फार छान. पण ती पेटी भिंत आहे की टेबल आहे, हे स्केचअपला आपणहून कळत नाही. दुसरा प्रोग्राम रेव्हिट. त्यात तुम्ही रेषा काढत नाही, ‘भिंत’ ठेवता. ती नऊ इंची आहे, विटांची आहे, कुठल्या मजल्यावरून कुठल्या मजल्यापर्यंत जाते, हे सगळं तिला ठाऊक असतं. तिच्यात दार बसवलं की भिंतीला आपोआप भोक पडतं, आणि दारांच्या यादीत एक दार वाढतं. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचा आर्किकॅड याच जातकुळीचा. या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग म्हणतात, थोडक्यात बिम. आमच्या मिस्त्र्याला बिम म्हटलं की तो स्लॅबखालचा बीमच समजतो, तेव्हा साइटवर हा शब्द जरा जपून वापरा. (हशा) तिसरे प्रोग्राम चित्रासाठी : लुमियन, ट्विनमोशन, एन्स्केप. झाडं, ऊन, सावली, गवत, सगळं त्यात.

इथे मला न्यायसूत्रांची आठवण होते. गौतमांनी दुसऱ्या अध्यायात एक चर्चा घेतली आहे. ‘गाय’ हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ काय? समोर उभी असलेली ही एक गाय, म्हणजे व्यक्ती? गायीचा आकार, म्हणजे आकृती? की सगळ्या गायींत असलेलं गायपण, म्हणजे जाती? इथे जाती म्हणजे आपल्या समाजातली जात नव्हे, हे लक्षात घ्या. ‘प्रकार’ या अर्थाने हा शब्द आहे. गौतमांचा निर्णय असा की तिन्ही मिळून शब्दाचा अर्थ होतो. आणि जाती का हवी हे सांगताना मातीच्या गायीचं उदाहरण येतं. मातीची गाय ही एक व्यक्ती आहे, तिला आकृतीही आहे. पण खऱ्या गायीसाठी सांगितलेली कृत्यं तिच्यावर कोणी करत नाही, कारण तिच्यात गायपण नाही.

आपल्याकडे पोळ्याला मातीचे बैल करतात. शिंगं, वशिंड, झूल, सगळं असतं. पण तो बैल औत ओढत नाही.

आता रेव्हिटमधली भिंत चित्राच्या प्रोग्राममध्ये गेली की बहुतेक वेळा तिचं हेच होतं. प्लग-इन त्या भिंतीच्या पृष्ठांचे बारीक बारीक त्रिकोण करतो, त्रिकोणांची जाळी पाठवतो. गोल खांबसुद्धा तिकडे गेल्यावर पुष्कळ बाजूंचा खांब होतो. बाजू इतक्या असतात की डोळ्याला गोल वाटतो. म्हणजे आकृती पोचली. पण ‘किती विटा लागतील?’ असा प्रश्न त्या जाळीला विचारता येत नाही. ती मातीची भिंत आहे. चित्र बघायला उत्तम, हिशेबाला निरुपयोगी. यात प्लग-इनचा दोष नाही, त्याला तेवढंच सांगितलेलं होतं. दोष तेव्हा होतो, जेव्हा आपण मातीच्या बैलाला औताला जुंपतो.

तर सिंक म्हटलं की पहिला प्रश्न हा विचारायचा : काय पोचलं? आकृती, की जातीसुद्धा?

दुसरा प्रश्न व्यक्तीचा, म्हणजे ओळखीचा. प्लग-इनला बदल कळतो कसा? तो दर वेळी सगळं घर नव्याने पाठवत नाही. ते फार जड होईल. आपल्याकडे तलाठी दर वेळी अख्ख्या गावाचे सातबारे नव्याने लिहितो का? नाही. जमीन विकली, वारस लागला, की फेरफार नोंदवतो. तसंच हे. प्लग-इन मागची स्थिती आणि आताची स्थिती ताडून बघतो आणि फक्त फेरफार पाठवतो : हे नवं आलं, हे बदललं, हे गेलं. पण फेरफार नोंदवायचा तर गट नंबर लागतो. तसा मॉडेलमधल्या प्रत्येक भिंतीला, खिडकीला, खांबाला प्रोग्रामने एक लांबलचक ओळख-क्रमांक दिलेला असतो. आपल्याला तो दिसत नाही, पण सगळा कारभार त्याच्यावर चालतो.

यातून एक फार व्यवहारी गोष्ट निघते. विद्यार्थ्यांनी लिहून घ्या. खिडकी दोन फूट सरकवायची असेल तर तीच खिडकी सरकवा. मिटवून नवी काढू नका. तुमच्या डोळ्यांना दोन्हींचा परिणाम एकच दिसतो. प्लग-इनच्या लेखी मात्र एकात खिडकी सरकली आणि दुसऱ्यात एक खिडकी मेली व दुसरी जन्मली. मेलेल्या खिडकीला तिकडच्या प्रोग्राममध्ये कोणी काच लावली होती, कोणी टीप जोडली होती, ती वाऱ्यावर जाते. रंग आणि मटेरियलचंही असंच. चित्राच्या प्रोग्राममध्ये मटेरियल बऱ्याचदा नावावरून ओळखलं जातं. तुम्ही इकडे ‘वीट’चं नाव ‘वीट नवी’ केलंत की तिकडे लावलेला पोत गळून पडला म्हणून समजा.

तिसरा प्रश्न दिशेचा. हे सिंक एकेरी आहे की दुहेरी? स्केचअप किंवा रेव्हिटमधून लुमियनमध्ये जाणारं लाइव्हसिंक एकेरी आहे. इकडे भिंत हलवली की तिकडे हलते, अगदी डोळ्यांदेखत. पण तिकडे लावलेलं झाड इकडच्या प्लॅनवर येत नाही. ट्विनमोशनचा थेट जोडही तसाच. एकेरी रस्ता वाईट नसतो. अपघात कमी होतात. मात्र रस्ता एकेरी आहे हे मालकाला माहीत हवं. नाहीतर तो चित्र बघून म्हणतो, ‘इथे कडुनिंब छान दिसतोय, हा ठेवा,’ आणि प्लॅनवर त्याच जागी सेप्टिक टँक असतो.

जाती टिकवून न्यायची असेल तर तीन-चार वाटा आहेत. एक वाट सर्वमान्य भाषेची. १९९० च्या दशकाच्या मध्यात काही कंपन्या एकत्र आल्या आणि इमारतीच्या घटकांची एक सामाईक परिभाषा ठरवायला लागल्या. तिला आयएफसी म्हणतात. आज बिल्डिंगस्मार्ट ही संस्था ती सांभाळते, आणि २०१३ पासून ती पूर्ण आंतरराष्ट्रीय मानक आहे, क्रमांक १६७३९. त्यात भिंत ही भिंत म्हणूनच लिहिलेली असते, दार हे दार म्हणून. पण परभाषेतून आलेल्या माणसासारखं तिचं होतं. समोरचा प्रोग्राम तिला ओळखतो, दाखवतो, पण घरच्या भिंतीसारखी ती ओढता-ताणता येईलच असं नाही.

दुसरी वाट एका प्रोग्रामच्या पोटात दुसरा चालवण्याची. राइनो हा वळणदार आकारांसाठी नावाजलेला प्रोग्राम. त्याच्या कर्त्यांनी तो रेव्हिटच्या आतच चालेल अशी सोय केली. तिथे तुम्ही राइनोतला आकार घेऊन ‘याची रेव्हिटची भिंत कर, याचं छत कर’ असं सांगू शकता. म्हणजे आकृती यंत्र देतं, जाती माणूस सांगतो. हे मला प्रामाणिक वाटतं.

तिसरी वाट स्पेकलसारख्या मुक्त स्रोत व्यवस्थेची. तिथे मॉडेल फाइल म्हणून जात नाही. एकेक वस्तू सुटी होऊन सर्व्हरवर जाते, आणि प्रत्येक वेळची पाठवणी स्वतंत्र आवृत्ती म्हणून राहते. मागे जाऊन बघता येतं. यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्पेकल वस्तूला तिच्या सगळ्या गुणांवरून गणिताने क्रमांक देतो. सगळे गुण तंतोतंत सारखे, तर क्रमांकही तोच. लाइब्निझ नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाचं म्हणणं हेच होतं की ज्यांच्यात कशानेच फरक करता येत नाही त्या दोन वस्तू नव्हेत, एकच. पण मग खिडकी दोन फूट सरकली की तिचा गुण बदलला, क्रमांक बदलला, ती वेगळी खिडकी झाली? म्हणून तिथे मूळ प्रोग्राममधला ओळख-क्रमांकही सोबत ठेवावा लागतो. बदलूनही तीच, हे सांगायला गुण पुरत नाहीत, इतिहास लागतो.

चौथा प्रश्न मापाचा. हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात घातक. तुम्ही स्क्रीनवर मिलिमीटर लिहिता, पण रेव्हिट आपल्या पोटात सगळी लांबी फुटांत ठेवतो आणि स्केचअप इंचांत. मिस्त्री सुतात बोलतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. चांगला प्लग-इन ही रूपांतरं बिनचूक करतो. माणसं करतात का? ड्रॉइंगवर भिंत २३० मिलिमीटर लिहिलेली असते, साइटवर तिला नऊ इंची म्हणतात. नऊ इंच म्हणजे २२८.६. फरक १.४ मिलिमीटर, अर्ध्या सुताच्याही आत. कोण विचारतो? पण ओळीत अशा दहा भिंती आल्या तर फरक १४ मिलिमीटरचा, चार सुतांहून जास्त. मापाइतकाच आरंभबिंदूचा घोळ. रेव्हिटमध्ये एक आतला आरंभबिंदू असतो, एक प्रकल्पाचा, एक मोजणीचा. पाठवणारा एक धरतो, घेणारा दुसरा धरतो, आणि घर प्लॉट सोडून भलतीकडेच जाऊन उभं राहतं. ते निदान दिसतं तरी. दोन फुटांनी सरकलेलं घर दिसत नाही.

हे चुकलं तर काय होतं, याचं एक जगप्रसिद्ध उदाहरण इमारतीचं नाही, विमानाचं आहे. एअरबस ए-३८०, दुमजली विमान. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गमधले लोक कॅटिया या डिझाइन प्रोग्रामची जुनी, चौथी आवृत्ती वापरत होते. तुलूझमध्ये नवी, पाचवी आली होती. दोन्हीकडचे नमुने एकमेकांशी नीट जुळत नव्हते. तुलूझला विमान जोडताना वायरचे गठ्ठे प्रत्यक्षात तोकडे पडायला लागले. २००६ मध्ये कंपनीला उशीर जाहीर करावा लागला. एकंदर विलंब दोन वर्षांच्या घरात गेला. प्रोग्रामचं नाव एकच होतं, कंपनी एकच होती. फरक आवृत्तीचा.

इमारतींचं काय? अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २००४ मध्ये एक अहवाल काढला. तिथल्या मोठ्या इमारतींच्या आणि कारखान्यांच्या क्षेत्रात प्रोग्राम एकमेकांशी न जुळण्यामुळे वर्षाला १५.८ अब्ज डॉलर वाया जातात, असा त्यांचा अंदाज होता. आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश भार कोणावर? आर्किटेक्टवर नाही, कंत्राटदारावर नाही. मालकावर आणि इमारत चालवणाऱ्यावर. ही गोष्ट वैजापूरला जशीच्या तशी लागू आहे. बँकेचा हप्ता मालकाच्या खात्यातून जातो.

आता आपल्या राज्यातलं उदाहरण घेऊ. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. त्याच दिवशी, त्याच नागपुरात, मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचं लोकार्पण झालं. महामेट्रोने नागपूरची मेट्रो बांधताना ‘पंचमितीय बिम’ वापरलं. पंचमितीय म्हणजे गूढ काही नाही. लांबी, रुंदी, उंची या तीन, चौथं वेळापत्रक, पाचवा पैसा. पण आकार एका प्रोग्राममध्ये, वेळापत्रक प्रिमाव्हेरामध्ये, पैसा सॅपमध्ये. यांना जोडायचं तर मॉडेलमधला जो खांब, तोच वेळापत्रकातला खांब आणि तोच बिलातला खांब, असं ठरलेलं हवं. तिघांकडे एकाच खांबाची एकच ओळख. ती नसेल तर जगातला कोणताही प्लग-इन ही जोडणी करू शकत नाही. म्हणजे मोठ्या प्रकल्पात खरं काम आधी बसून नावं आणि क्रमांक ठरवण्याचं असतं. बटण दाबणं शेवटचं.

इथून मी मुख्य मुद्द्याकडे येतो. सिंक पूर्ण झालं की स्क्रीनवर हिरवी खूण येते : ‘यशस्वी’. या यशाचा अर्थ काय? इकडचं तिकडे पोचलं, एवढाच. जे पोचलं ते बरोबर होतं का, ते कोणी मंजूर केलं का, हे त्या खुणेत नाही. तलाठ्याने फेरफार नोंदवला तरी मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतो, तेव्हा तो पक्का. प्लग-इनमध्ये तलाठी आहे, मंडळ अधिकारी नाही. चुकीचा बीमसुद्धा तो तितक्याच तत्परतेने चारही ठिकाणी पोचवतो. पूर्वी चूक एका कागदावर असायची आणि दुसऱ्या कागदाशी ताडताना सापडायची. आता चारही प्रती एकमेकींशी जुळतात, म्हणून चूक सापडायचं एक ठिकाण कमी झालं, हे लक्षात घ्या.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याने फार पूर्वी हाताळला आहे. पैठणला. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यानंतर जवळपास तीनशे वर्षांत तिच्या हस्तलिखित प्रती ठिकठिकाणी झाल्या, आणि प्रतींत पाठभेद शिरले. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथांनी त्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि पुढच्यांना बजावलं की यात आपली ओवी घालू नका. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी दोन गोष्टी केल्या. प्रमाण प्रत कोणती ते ठरवलं, आणि तिच्यात लिहिण्याचा अधिकार कोणाला ते सांगितलं. जबाबदारी घेतली ती एका माणसाने, आपल्या नावाने. नकला करणारे हात कितीही असू देत, हे दोन निर्णय कोणीतरी घ्यावेच लागतात.

म्हणून घराचं काम सुरू करताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, प्रमाण मॉडेल कोणाचं? भिंती-खिडक्यांचं आर्किटेक्टचं, कॉलम-बीम-सळईचं स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, असं विभागून चालेल. पण एका वस्तूचे दोन धनी नकोत. दोन, कोणते प्रोग्राम आणि त्यांची कोणत्या वर्षाची आवृत्ती? रेव्हिटच्या नव्या आवृत्तीत साठवलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि प्लग-इनही आवृत्ती पाहूनच बसवावा लागतो. तीन, माप आणि आरंभबिंदू कोणता? प्लॉटचा एक कोपरा ठरवा आणि तोच सगळ्यांनी धरा. चार, सिंकनंतर तपासणार कोण? तपासणी अवघड नाही. दोन खोल्यांचं माप, एका मजल्याची उंची आणि खिडक्यांची संख्या दोन्ही प्रोग्राममध्ये बघा. जुळली तर पुढे चला. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते माणसाने करायचं आहे.

शेवटी एक प्रश्न आला. मागच्या रांगेतल्या एका मिस्त्र्यांनी विचारलं : ‘सर, हे सगळं ऑफिसातल्या लोकांचं झालं. आम्ही तर प्रिंटवर काम करतो. आमच्याकडे कुठला प्लग-इन?’

तुमचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, काका. कारण प्लग-इन तुमच्यापर्यंत येतच नाही. चौथी प्रत तुमच्या हातात असते आणि ती आपोआप बदलत नाही. मालकाच्या मोबाइलवर खिडकी सरकलेली असते, तुमच्या कागदावर ती जुन्याच जागी असते. आणि लिंटेल तुम्ही कागद बघून टाकता. तेव्हा तुमच्यासाठी सांगतो. प्रिंटवर तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक नसेल तर तो घेऊ नका. नवा प्रिंट आला की जुना परत द्या, किंवा त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहा. भिंतीला टाचून ठेवू नका. आणि कोणी फोटो दाखवून म्हणालं की ‘असं करा’, तर लाईनदोरी लावायच्या आधी विचारा, ‘साहेब, हे प्रिंटवर कधी येणार?’ प्रिंट आला की मगच दोरी लावा. तोपर्यंत दुसरी भिंत घ्या.